तोंडी गणित: स्वतः शिकण्याची आणि मुलांना शिकवण्याची रीत

सकाळच्या विरार लोकलमध्ये वही उघडायला जागा मिळत नाही, पण डोकं रिकामंच असतं. मुंबईत ज्यांना गणित पुन्हा पहिल्यापासून शिकायचं आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे एवढाच वेळ असतो: जाता-येता गाडीत, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास. भरतीच्या परीक्षांना बसणारी मुलं, क्लासची फी परवडत नाही म्हणून घरीच अभ्यास घेणारे आईवडील, दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेले नोकरदार, असे सगळे यात आले. मी परळला संध्याकाळी पाचवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. वर्गात जे खरोखर चालतं तेच इथे पायरीपायरीने लिहिलं आहे.

एक अट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठलीही युक्ती का चालते हे कळल्याशिवाय ती वापरायची नाही. नुसती पाठ केलेली युक्ती उदाहरण जरा बदललं की फसते, आणि ती फसली आहे हेही मुलाला कळत नाही.

पहिली पायरी: नेमकं कुठे अडतं ते शोधा

‘माझं गणित कच्चं आहे’ हे वाक्य ऐकलं की मी पाचवीचं पुस्तक पुढे ठेवते, समोर बसलेली व्यक्ती तीस वर्षांची असली तरी. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पाचवीपासून आठवीपर्यंतची पुस्तकं घ्या आणि प्रत्येक धड्याच्या शेवटची चार-पाच उदाहरणं कोणाला न विचारता सोडवा. जिथे सलग दोन उदाहरणं अडतील त्या धड्यावर खूण करा.

सगळंच गणित कच्चं आहे असं क्वचितच निघतं. बहुतेकांचा घोटाळा एकाच जागी असतो, आणि ती जागा म्हणजे अपूर्णांक. नववीत बीजगणित जमत नाही म्हणून आलेल्या मुलाला तीन चतुर्थांश आणि एक षष्ठांश यांची बेरीज करायला सांगा. तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून चार दशांश लिहीत असेल, तर त्याला बीजगणित शिकवण्यात अर्थ नाही. आधी सहावीचा धडा.

घरात बसायला जागा नसेल तर महापालिकेच्या अभ्यासिकांची चौकशी करा. १८९८ मध्ये सुरू झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, तिथे जुनी गणिताची पुस्तकंही चाळता येतील.

दुसरी पायरी: पाढे, आणि त्यांच्याबरोबर पावकी-निमकी

तीसपर्यंतचे पाढे घोकायला लावण्याच्या मी विरोधात आहे. बारापर्यंतचे पक्के हवेत, झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील इतके. तेराच्या पुढचे तयार करायला शिकवा. सतरा आठे किती? दहा आठे ऐंशी, सात आठे छप्पन्न, मिळून १३६. आठवड्याभरात मूल हे इतक्या झपाट्याने करायला लागतं की पाठ असणं आणि नसणं यात फरक राहत नाही. शिवाय विसरलं तरी त्याला ते पुन्हा उभं करता येतं.

पूर्वी मराठी शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे असत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे ते पाढे. ते शाळेतून गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बाजार अजूनही त्याच मापांवर चालतो. भेंडी ८० रुपये किलो असेल तर सव्वा किलोचे किती? ८० चा पाव २०, तो ८० मध्ये मिळवला की १००. दीड किलोचे १२०. पाऊण किलोचे ८० मधून पाव काढून ६०.

अडीचकीकडे जरा थांबून पाहा. अडीच म्हणजे दहाचा पाव. म्हणून ३६ अडीचे काढायचे तर ३६० चा पाव, म्हणजे ९०. हे एकदा समजलं की २५ ने गुणणं म्हणजे शंभरपट करून पाव घेणं: ४८ × २५ म्हणजे ४८०० चा पाव, १२००. आणि १२५ म्हणजे हजाराचा आठवा हिस्सा, म्हणून ४८ × १२५ म्हणजे ४८,००० चा आठवा हिस्सा, ६०००. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या तीन वेगळ्या ‘ट्रिक’ म्हणून छापतात. गोष्ट एकच आहे, आणि ती अडीचकीत बसलेली आहे.

तिसरी पायरी: बेरीज डावीकडून, वजाबाकी सुट्ट्या पैशांसारखी

कागदावर आपण एककापासून सुरुवात करतो. मनात तसं केलं तर हातचे लक्षात ठेवता ठेवता डोकं शिणतं. मनात मोठ्या स्थानापासून निघायचं. ४७८ + २५६: चारशे अठ्ठ्याहत्तरमध्ये दोनशे मिळवले, सहाशे अठ्ठ्याहत्तर. पन्नास मिळवले, सातशे अठ्ठावीस. सहा मिळवले, सातशे चौतीस. दर टप्प्याला एकच संख्या लक्षात ठेवावी लागते. आणि मध्येच कोणी हाक मारली तरी उत्तर साधारण कितीच्या घरात आहे ते हाती राहतं.

वजाबाकी दुकानदार करतो तशी करा. ३४७ रुपयांचं सामान झालं आणि पाचशेची नोट दिली. तो ३४७ च्या पुढे तीन ठेवतो, साडेतीनशे झाले. मग दीडशे ठेवतो, पाचशे झाले. परत आले १५३. वजा केलंच नाही, फक्त मिळवत गेला. हजारातून वजा करताना आणखी सोपं पडतं. १००० म्हणजे ९९९ आणि १. ९९९ मधून ६३७ काढताना कुठेही उसना घ्यावा लागत नाही: ३, ६, २. राहिलेला १ मिळवला की ३६३. ‘शेवटचा अंक दहातून, बाकीचे नवातून’ हा नियम मुलांना पाठ असतो. तो ९९९ अधिक १ मधून येतो हे एकदा सांगितलं की २००० किंवा ५००० मधून वजा करायला नवा नियम लागत नाही.

लहान मुलांबरोबर बसणाऱ्यांसाठी एक सूचना. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून पहिली-दुसरीतली काही मुलं ७२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ही पद्धत मुलांना सोपी जाते अशी बाजू मांडली होती. माझ्या मते दोन्ही शिकवावीत. संख्या लिहिताना आणि मनात बेरीज करताना ‘वीस सात’, बोलताना सत्तावीस. तिसरीपर्यंत मूल दोन्हींत सहज फिरतं.

चौथी पायरी: एकच गुणाकार निदान तीन वाटांनी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात गुणाकार शिकवताना १३५ × १२ हे एकच उदाहरण घेऊन ते वेगवेगळ्या रीतींनी केलं आहे. आजही शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

बाराचे दोन तुकडे करा, आठ आणि चार. १३५ × ८ = १०८०, १३५ × ४ = ५४०, मिळून १६२०. किंवा बाराचे अवयव पाडा, तीन आणि चार. १३५ × ३ = ४०५, त्याचे चारपट १६२०. किंवा बाराऐवजी वीस घ्या आणि जास्तीचे आठ परत करा: २७०० − १०८० = १६२०. किंवा स्थानांप्रमाणे फोडा, दहापट १३५० आणि दुप्पट २७०.

(चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. तो अभ्यासकांपुढे आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या मुंबईचे. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. मुलांना राणीच्या बागेत न्याल तेव्हा शेजारच्या इमारतीपाशी हे जरूर सांगा.)

घरी हे असं करायचं: रोज एकच गुणाकार घ्या आणि तो तीन वाटांनी करा. वीस गुणाकार एकाच रीतीने करण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. तिन्ही उत्तरं जुळली तर ताळा आपोआप झाला. जुळली नाहीत तर चूक कोणत्या वाटेवर झाली ते मूल स्वतः शोधतं, तुम्ही बोट दाखवायचं नाही. काही दिवसांनी त्याला संख्या पाहूनच सोयीची वाट दिसायला लागते. १६ × ३५ दिसलं की एकाचं निम्मं, दुसऱ्याची दुप्पट, ८ × ७०, ५६०. ४७ × ५३ दिसलं की दोन्ही पन्नासपासून तीन-तीनवर आहेत, म्हणून २५०० मधून ९ वजा, २४९१. वाट निवडता येणं हेच तोंडी गणितातलं खरं कौशल्य आहे. वेग त्याच्या मागोमाग येतो.

पाचवी पायरी: कात्रीने सिद्धता

शेवटी पाच असलेल्या संख्येचा वर्ग काढायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ३५ चा वर्ग: तीन आणि त्याच्या पुढचा चार, तीन चोक बारा, पुढे पंचवीस, १२२५. सातवीतल्या एका मुलीला ही युक्ती इतकी आवडली की तिने ३६ चा वर्गही तसाच काढला.

“ताई, बाराशे छत्तीस.”

“कसा काढलास?”

“तीन चोक बारा, सहा सक छत्तीस.”

तिला चूक म्हणायच्या आधी मी चौकटींची वही आणि कात्री दिली. तुम्हीही हेच करा, शब्दांनी समजावण्यापेक्षा लवकर होतं. ३५ चौकटी लांब आणि ३५ चौकटी रुंद असा चौरस कापायचा. त्याच्या उजव्या कडेची पाच चौकटी रुंदीची पट्टी कापून काढायची. आता एक तुकडा ३० रुंद आणि ३५ उंच उरला. काढलेली पट्टी पाच रुंद, ३५ उंच आहे. तिच्या टोकाचा ५ × ५ चा छोटा चौरस कापून बाजूला ठेवायचा आणि उरलेली ३० लांबीची पट्टी आडवी करून मोठ्या तुकड्याच्या डोक्यावर ठेवायची. बरोबर बसते. मोठा तुकडा आता ३० रुंद आणि ४० उंच झाला. तीस चाळीस बाराशे. बाजूला राहिलेल्या चौकटी पंचवीस. युक्ती तिथे समोर टेबलावर पडलेली असते.

मग तिने ३६ चा चौरस कापला. सहाची पट्टी काढून डोक्यावर ठेवली तेव्हा उंची ४० न होता ४२ झाली, आणि बाहेर ३६ चौकटी राहिल्या. ३० × ४२ = १२६०, अधिक ३६, १२९६. आपली युक्ती कुठे मोडली ते तिने स्वतः पाहिलं: पाच आणि पाच मिळून दहा होतात म्हणून चाळीस झाले होते, सहा आणि सहा मिळून बारा होतात.

त्यावर मी तिला एकच प्रश्न विचारला, “मग चाळीस व्हायला आणखी कुठले अंक चालतील?” थोड्या वेळाने तिने ३६ × ३४ लिहिलं. दशक सारखे, एककांची बेरीज दहा. तीन चोक बारा, सहा चोक चोवीस, १२२४. बरोबर आहे. ज्या नियमासाठी लोक पैसे भरून क्लास लावतात तो तिने कागद कापून शोधला, आणि त्याची हद्द कुठे संपते तेही तिला ठाऊक झालं. युक्ती समजली म्हणजे काय, तर ती कुठे चालणार नाही हे सांगता येणं.

सहावी पायरी: शंभरच्या आसपास

९६ × ९४ घ्या. पहिल्यात शंभरला ४ कमी, दुसऱ्यात ६ कमी. ९६ मधून ६ काढले, ९०. चार सक चोवीस. उत्तर ९०२४. आता हे का चालतं? शंभर वजा चार, गुणिले शंभर वजा सहा. कंस सोडवा: दहा हजार, वजा चारशे, वजा सहाशे, अधिक चोवीस. म्हणजे शंभर गुणिले नव्वद, अधिक चोवीस. आठवीत येणारी विस्तारसूत्रं म्हणजे हेच. ज्या मुलाने ९६ × ९४ असं फोडून पाहिलं आहे त्याला ती सूत्रं परकी वाटत नाहीत.

कारण कळलं असेल तर पुढची उदाहरणं न शिकवता सुटतात. १०३ × १०८: आठ मिळवले, १११, तीन आठे चोवीस, १११२४. ८८ × ८७: ८८ मधून १३ गेले, ७५, म्हणजे ७५००. बारा तेरे १५६. हा गुणाकार तीन अंकी आहे म्हणून तो नुसता शेजारी चिकटवायचा नाही, मिळवायचा: ७६५६. १०३ × ९६: ९९ शेकडे, आणि तीन चोक बारा या वेळी वजा होणार, कारण एक शंभरच्या वर आणि एक खाली आहे. ९९०० − १२ = ९८८८. नियम पाठ करणाऱ्याला ही तीन वेगळी प्रकरणं वाटतात.

या रीती ‘वैदिक गणित’ या नावाने शिकवल्या जातात, म्हणून थोडं लिहिणं भाग आहे. ज्या पुस्तकातून त्या पसरल्या ते पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं, त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापलेलं. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षं काम केलेले गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी याबद्दल स्पष्टपणे लिहिलं आहे. रीती मात्र बरोबर आहेत, कारण त्यांच्यामागे बीजगणित आहे. मुलांना त्या जरूर शिकवा, आणि त्यामागचं बीजगणितही शिकवा. आपल्याकडच्या जुन्या गणिताचा अभिमान वाटावा यासाठी भास्कराचार्य पुरेसे आहेत.

सातवी पायरी: आधी अंदाज, शेवटी ताळा

आकडेमोडीला हात घालण्याआधी अंदाज सांगायचा, हा माझ्याकडे नियम आहे. ३४७ × २६ म्हणजे साडेतीनशे गुणिले पंचवीस, पावणेनऊ हजारांच्या आसपास. मग मुलाने ९०२२ आणलं तर पटतं, ९०२२० आणलं तर ते स्वतःच मान हलवतं.

प्रवासातही याचा सराव होतो. चर्चगेट ते विरार सुमारे ६० किलोमीटर. स्लो गाडीला पावणेदोन तास लागले असं धरा. सरासरी वेग किती? पावणेदोन म्हणजे सात पाव. साठाला सात पावांनी भागायचं, म्हणजे २४० भागिले ७, ताशी ३४ किलोमीटरच्या जवळपास.

ताळ्यासाठी जुना नवाचा ताळा अजूनही सगळ्यात सोयीचा. प्रत्येक संख्येतल्या अंकांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करायची. ३४७ चे १४, म्हणजे ५. २६ चे ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तर ९०२२ ची बेरीज १३, म्हणजे ४. जुळलं. हे चालतं कारण १०, १००, १००० यांना नवाने भागलं की बाकी १ च उरते, म्हणून कुठलाही अंक कुठल्याही स्थानावर असला तरी बाकीत तेवढीच भर घालतो.

त्याच कारणाने या ताळ्यात एक भोक आहे. उत्तर चुकून ९२०२ लिहिलं तरी बेरीज १३ च येते. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही, आणि परीक्षेत घाईने उतरवताना हीच चूक सगळ्यात जास्त होते. तिथे अकराचा ताळा वापरा. उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा वजा, असं करत जायचं, आणि उत्तर ऋण आलं तर त्यात ११ मिळवायचे. ३४७ साठी ७ − ४ + ३ = ६. २६ साठी ६ − २ = ४. सहा चोक चोवीस, अकराने भागून बाकी २. आता ९०२२ साठी २ − २ + ० − ९ = −९, अकरा मिळवून २. जुळलं. ९२०२ साठी २ − ० + २ − ९ = −५, म्हणजे ६. नाही जुळलं, चूक पकडली गेली. मोठ्या मुलांनी दोन्ही ताळे शिकावेत.

आठवी पायरी: टक्के

दहा टक्के म्हणजे दशांश चिन्ह एक घर डावीकडे, आणि एक टक्का म्हणजे दोन घरं, बाकी सगळं यांच्यातून जोडायचं. ६५० रुपयांच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी: वीस टक्के १३०, दोन टक्के १३, फरक ११७. आणखी एक गोष्ट खूप कमी जणांना माहीत असते. ३२ चे ७५ टक्के आणि ७५ चे ३२ टक्के सारखेच, कारण दोन्हींत ३२ × ७५ भागिले शंभर आहे. म्हणून ७५ चे ३२ टक्के विचारले तर ३२ चा पाऊण काढा, २४.

मोठ्यांसाठी: चक्रवाढीने पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे पाहायला ७२ ला व्याजदराने भागा. ६ टक्क्यांनी १२ वर्षं, ८ टक्क्यांनी ९ वर्षं. हा अंदाज आहे, पण बँकेतल्या दरांना चांगला लागू पडतो. कोणी तीन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणाला, तर तो वर्षाला २४ टक्क्यांची गोष्ट करतो आहे हे तिथल्या तिथे कळतं.

नववी पायरी: रस्त्यावरचा सराव, कापरेकरांच्या रीतीने

वजाबाकीच्या सरावाला मुलं लवकर कंटाळतात. त्यासाठी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यासारखा गुरू नाही. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण जगापुढे मांडला.

समोरून जाणाऱ्या गाडीच्या पाटीवरचे चार अंक घ्या. चारही सारखे नकोत. समजा ४८१६. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा. ८६४१ − १४६८ = ७१७३. पुन्हा तेच: ७७३१ − १३७७ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच, आणि एकदा आली की पुढे तीच येत राहते. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावायला विसरू नका.

शिकवणाऱ्याला याचा फायदा असा की उत्तरं तपासत बसावं लागत नाही. सात पायऱ्यांत ६१७४ आली नाही तर कुठेतरी चूक आहे. ती कुठे झाली हेही बहुतेक वेळा सापडतं, कारण सारख्याच अंकांच्या दोन संख्यांची वजाबाकी असल्यामुळे प्रत्येक उत्तराला नवाने भाग जायला हवा. अंकांची बेरीज नवाच्या पटीत नसेल तीच पायरी चुकलेली.

कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांचाही अभ्यास केला आणि त्या कुळाला ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन. कल्पना त्यांना तिथे सुचली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मुलांना उभा गुणाकार मांडून ही चढ-उतार का येते ते पाहू द्या, आणि मग विचारा की एक हा अंक दहा वेळा लिहिला तर ती कशी बिघडेल. हातचा पहिल्यांदा तिथे येतो.

दहावी पायरी: शिकवताना

उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं काढलंस?’ विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलाला तो प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण वाटायला लागते आणि ते घाबरून उत्तर बदलतं. त्याची रीत तुमच्यापेक्षा लांबची असेल तर तिला तशीच राहू द्या. दुसऱ्या मुलाची छोटी रीत ऐकली की ते आपणहून बदलतं.

घड्याळ सुरुवातीला नको. वेळ लावली की मुलं विचार करायचं सोडून अंदाजपंचे उत्तरं देतात. एखादी रीत दोन-तीन आठवडे सहज जमायला लागली की मगच वेळ बघा, तीही आधीच्या स्वतःच्या वेळेशी ताडून. शेजारच्या मुलाशी कधीच नाही.

चुकांची वेगळी वही ठेवा. चुकलेलं उदाहरण तसंच्या तसं लिहायचं, खाली एका ओळीत कारण: ‘हातचा विसरलो’, ‘प्रश्न अर्धाच वाचला’, ‘रीतच चुकीची लावली’. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा सोडवायचं. तिन्ही वेळा बरोबर आलं की त्यावर रेघ मारायची. महिन्याभरात कारणांचा कल दिसायला लागतो. ज्याच्या वहीत ‘प्रश्न अर्धाच वाचला’ जास्त वेळा आलं आहे, त्याला गणितापेक्षा वाचनाचा सराव द्यावा लागतो.

आणि जे आईवडील म्हणतात की आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार, त्यांनी मुलाला शिकवायला सांगावं. आई भाकऱ्या थापत असेल तेव्हा मुलाने १०३ × ९६ मध्ये बारा का वजा होतात ते तिला पटवून द्यावं. तिने फक्त ‘का?’ विचारत राहायचं. माझ्याकडच्या मुलांत ज्यांच्या घरी असं विचारणारं कोणी आहे, ती पुढे गेलेली मी पाहिली आहेत.

पहिल्या आठवड्यासाठी काही उदाहरणं

आधी अंदाज, मग उत्तर, मग ताळा, कागदाशिवाय: ७८ × ७२, १२५ × ७२, २००० − ७८३, ९७ × ८९, १०६ × ९५, ३५० चे १८ टक्के, आणि ८३ × ६७.

उत्तरं अशी: ५६१६, ९०००, १२१७, ८६३३, १००७०, ६३. शेवटच्या उदाहरणाला दोन रीती एकत्र लागतात. ८३ आणि ६७ यांच्या बरोबर मध्ये ७५ आहे, दोघेही त्याच्यापासून आठवर. ७५ चा वर्ग सात आठे छप्पन्न आणि पंचवीस, ५६२५. त्यातून आठचा वर्ग ६४ काढला की ५५६१. नवाच्या ताळ्याने ८३ चे २, ६७ चे ४, गुणाकार ८. ५५६१ ची बेरीज १७, म्हणजे ८.